बाकी मोजा, संख्या सोडा: ॲरेतल्या जोड्यांचा प्रश्न पायरीपायरीने

कोडिंगचा सराव सुरू केला की हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या वेषात गाठतोच. एक ॲरे, म्हणजे ओळीने मांडलेल्या संख्यांची यादी, दिलेला असतो आणि सोबत के नावाची एक धन पूर्ण संख्या. विचारलेलं असतं की, ॲरेतल्या अशा किती जोड्या आहेत ज्यांच्या बेरजेला के ने निःशेष भाग जातो? कधी ॲरेच्या जागी गाण्यांची लांबी सेकंदांत दिलेली असते आणि के च्या जागी ६० असतात. कधी जोडीऐवजी सलग तुकडा मागितलेला असतो. आतलं यंत्र मात्र एकच असतं, आणि ते एकदा नीट उघडून पाहिलं की पुढचे आठ-दहा प्रश्न त्याच किल्लीने उघडतात.

सगळ्या लेखभर एकच ॲरे वापरू:

७, १३, ५, २२, ८, १०, ४, १५, १ आणि के = ५

पुढे जाण्याआधी कागदावर जोड्या शोधून बघा. खरंच बघा, दोन मिनिटांचं काम आहे. बहुतेकांची नजर आधी ५, १०, १५ वर जाते, कारण त्या एकमेकींशी जुळतात हे उघड दिसतं. मग ४ आणि १. मग ७ आणि १३, ७ आणि ८, २२ आणि १३, २२ आणि ८. एकूण आठ. जोड्या शोधताना तुम्ही २२ कडे ‘बावीस’ म्हणून पाहिलं नसेल, ‘शेवटी दोन आहे, म्हणजे तीन किंवा आठवाला हवा’ असं पाहिलं असेल. आपल्याला संगणकाला नेमकं हेच शिकवायचं आहे.

आधी सरळसोट उत्तर लिहा

नवशिक्यांना वाटतं की हुशार पद्धत माहीत असताना बाळबोध पद्धत लिहिणं म्हणजे वेळ घालवणं. माझं मत उलट आहे. आधी बाळबोध कोड लिहा आणि जपून ठेवा, शेवटी तोच कामी येणार आहे.

एकूण = ०
पहिला इंडेक्स ० पासून शेवटपर्यंत:
    दुसरा इंडेक्स (पहिला + १) पासून शेवटपर्यंत:
        जर (ॲरे[पहिला] + ॲरे[दुसरा]) % के == ० तर एकूण = एकूण + १
एकूण छापा

इथे इंडेक्स म्हणजे ॲरेतल्या घराचा शून्यापासून मोजलेला क्रमांक, % म्हणजे बाकी काढणारं चिन्ह, आणि आतला लूप (पुन्हा पुन्हा चालणारी फेरी) पहिल्याच्या पुढच्या घरापासून सुरू होतो. शून्यापासून सुरू केला तर प्रत्येक जोडी दोनदा मोजली जाईल आणि प्रत्येक संख्या स्वतःशीही जुळवली जाईल.

नऊ संख्यांच्या ॲरेत ३६ जोड्या तपासाव्या लागतात, त्याचं काही वाटत नाही. पण ॲरेत १ लाख संख्या असतील तर जोड्या होतात ४,९९,९९,५०,०००, म्हणजे जवळजवळ पाचशे कोटी. सेकंदाला दहा कोटी साध्या क्रिया असा ढोबळ हिशेब धरला तर पन्नास सेकंद लागतील. सराव संकेतस्थळांवर वेळेची मर्यादा बहुधा एक-दोन सेकंद असते. म्हणून प्रश्नात ॲरेची लांबी एक लाखापर्यंत जाऊ शकते असं लिहिलेलं दिसलं की समजायचं, दोन लूप चालणार नाहीत. ती ओळ म्हणजे प्रश्न काढणाऱ्याने दिलेला इशाराच असतो. मी तर आता प्रश्नाची गोष्ट वाचण्याआधी मर्यादा वाचतो.

संख्येतलं काय ठेवायचं, काय टाकायचं

आज बुधवार असेल तर शंभर दिवसांनी कोणता वार असेल? कोणी शंभर वार मोजत बसत नाही. चौदा आठवड्यांचे ९८ दिवस बाजूला काढायचे, उरले दोन, म्हणजे शुक्रवार. वाराच्या हिशेबात २, ९, १६ आणि १०० हे सगळे एकाच माळेचे मणी. सारखी बाकी उरणाऱ्या संख्यांना सारखं मानण्याच्या या रीतीला कार्ल फ्रीडरिश गाउस या जर्मन गणितज्ञाने १८०१ साली तीन आडव्या रेघांचं खास चिन्ह दिलं. आपल्याला त्या चिन्हाची गरज नाही, रीत पुरे.

आता बेरजेकडे या. २२ म्हणजे चार पंचे आणि वर २. आठ म्हणजे एक पंचा आणि वर ३. बेरीज केली की पाच पंचे आणि वर २ + ३. पंच्यांना पाचाने भाग जाणारच, त्यांची चौकशी करायची गरज नाही. निकाल लागतो तो फक्त वरच्या २ + ३ वर. २२ च्या जागी ७ असते किंवा ५०००२ असते, तरी निकाल बदलला नसता.

पुढचा प्रश्न असा की दोन बाक्यांची बेरीज पाचाच्या पटीत कधी येते? प्रत्येक बाकी ० ते ४ मधली, म्हणजे दोघींची बेरीज ० ते ८ मध्येच राहणार. त्या पट्ट्यात पाचाचे पट दोनच आहेत, ० आणि ५. म्हणून एक तर दोन्ही बाक्या शून्य असल्या पाहिजेत, नाहीतर त्यांची बेरीज बरोबर पाच व्हायला हवी. तिसरी शक्यताच नाही. के कितीही असला तरी हा युक्तिवाद चालतो, कारण के पेक्षा लहान दोन संख्यांची बेरीज दोन के च्या अलीकडेच थांबते.

म्हणजे संख्येची बाकी ब असेल तर तिला जोडीदार हवा तो के − ब बाकीचा. ब शून्य असेल तर जोडीदारही शून्य बाकीचाच. के = ५ साठी १ चा जोडीदार ४, २ चा ३, आणि ० चा ०. के = ६ साठी १ चा ५, २ चा ४, ० चा ०, आणि ३ चा? ३ चाच. हा ३ लक्षात ठेवा, पुढे त्रास देणार आहे.

खण करून मोजा

संख्येची बाकी सोडून बाकी कशाचीच गरज नसेल, तर सगळा ॲरे सांभाळायचा कशाला? के एवढे खण करायचे, प्रत्येक संख्येची बाकी काढायची आणि त्या खणातला आकडा एकाने वाढवायचा. यालाच वारंवारता मोजणं म्हणतात. आपल्या ॲरेच्या बाक्या क्रमाने अशा: २, ३, ०, २, ३, ०, ४, ०, १. खण भरले की चित्र असं दिसतं:

बाकी ०: ३ संख्या
बाकी १: १ संख्या
बाकी २: २ संख्या
बाकी ३: २ संख्या
बाकी ४: १ संख्या

आता हे कोष्टक पाहूनच उत्तर काढता येतं. २ च्या खणातली कोणतीही संख्या ३ च्या खणातल्या कोणत्याही संख्येशी जुळते, म्हणून २ × २ = ४ जोड्या. १ आणि ४ च्या खणांतून १ × १ = १. शून्याच्या खणात तीन संख्या आहेत आणि त्या आपापसांतच जुळतात. तिघांतून दोघं निवडायचे प्रकार ३ × २ ÷ २ = ३. एकूण ४ + १ + ३ = ८. हाताने काढलेल्या उत्तराशी जुळलं.

दोन वेगळ्या खणांसाठी गुणाकार आणि एकाच खणासाठी ‘संख्या गुणिले संख्या वजा एक, भागिले दोन’ असं का, हे मनात स्पष्ट हवं. दोन वेगळे गट असतील तर प्रत्येकाला समोरच्या गटातल्या प्रत्येकाशी हात मिळवता येतो. एकाच गटात मात्र स्वतःशी हात मिळवता येत नाही, म्हणून एक वजा, आणि तू माझ्याशी मिळवलास काय किंवा मी तुझ्याशी मिळवला काय, हस्तांदोलन एकच, म्हणून निम्मे.

या पद्धतीने कोड लिहिता येतो, पण मी स्वतः असा लिहीत नाही. शून्याचा खण वेगळा हाताळायचा, के सम असेल तर मधला खण वेगळा, बाकीचे खण निम्म्यापर्यंतच फिरायचे, नाहीतर जोड्या दुप्पट होतात. तीन फाटे, आणि प्रत्येक फाट्यावर चुकायला जागा. याहून सुटसुटीत वाट आहे.

एकाच फेरीत: आधी विचारा, मग नोंदवा

ॲरे डावीकडून उजवीकडे वाचत चला. प्रत्येक संख्येवर थांबून एकच प्रश्न विचारायचा: ‘माझ्याशी जुळणारे किती जण माझ्याआधी येऊन गेले?’ ते खणात पाहायचं, एकूणात मिळवायचं, आणि त्यानंतर स्वतःची नोंद करून पुढे जायचं.

मोजणी = के खणांची यादी, प्रत्येकात ०
एकूण = ०
ॲरेतल्या प्रत्येक संख्येसाठी:
    ब = ((संख्या % के) + के) % के
    हवी = (के − ब) % के
    एकूण = एकूण + मोजणी[हवी]
    मोजणी[ब] = मोजणी[ब] + १
एकूण छापा

ब च्या ओळीतली ती लांबलचक कसरत कशासाठी, ते पुढे सांगतो. आधी हा कोड हाताने चालवू. माझा अनुभव असा की ज्यांनी हे एकदा कागदावर केलं ते पुन्हा अडखळत नाहीत.

७ आला. बाकी २, हवी ३. अजून कोणी आलेलं नाही, एकूण ०. २ च्या खणात १.
१३ आला. बाकी ३, हवी २. तिथे एक जण आहे, एकूण १. ३ च्या खणात १.
५ आला. बाकी ०, हवी ०. खण रिकामा, एकूण १. ० च्या खणात १.
२२ आला. बाकी २, हवी ३. एक जण, एकूण २. २ च्या खणात २.
८ आला. बाकी ३, हवी २. दोघं जण, एकूण ४. ३ च्या खणात २.
१० आला. बाकी ०, हवी ०. एक जण, एकूण ५. ० च्या खणात २.
४ आला. बाकी ४, हवी १. कोणी नाही, एकूण ५. ४ च्या खणात १.
१५ आला. बाकी ०, हवी ०. दोघं जण, एकूण ७. ० च्या खणात ३.
१ आला. बाकी १, हवी ४. एक जण, एकूण ८.

प्रत्येक जोडी नेमकी एकदाच मोजली जाते, ती म्हणजे जोडीतला उशिरा आलेला सदस्य दारात उभा असताना. त्यामुळे दुप्पट मोजणीचा प्रश्नच उद्भवत नाही. शून्याचा खण आणि सम के चा मधला खण यांच्यासाठी वेगळा फाटाही लागत नाही.

शेवटच्या दोन ओळींचा क्रम मात्र हलवायचा नाही. आधी नोंद करून मग विचारलं, तर शून्य बाकीची संख्या स्वतःलाच जोडीदार समजते. वरच्या ॲरेत शून्याच्या खणातून ० + १ + २ ऐवजी १ + २ + ३ मिळतील आणि उत्तर ८ च्या जागी ११ येईल. गंमत म्हणजे ॲरेत शून्य बाकीची एकही संख्या नसेल आणि के विषम असेल, तर ही चूक दिसतच नाही. नमुना टेस्ट केस पास होतात, आणि कोड सादर केला की तेवीस नंबरच्या टेस्टला आपटतो. सम के ची तीच कथा: ३, ९, १५ आणि के = ६ घेऊन बघा. तिघांची बाकी ३, बरोबर उत्तर ३, उलट्या क्रमाने ६.

‘हवी’ काढताना शेवटी पुन्हा % के केलंय तेही शून्यासाठीच. ब शून्य असेल तर के − ब म्हणजे खुद्द के येतो, आणि के खणांच्या यादीत शेवटचा खण के − १ असतो. पायथनमध्ये लगेच इंडेक्सची चूक दाखवली जाते. सी++ मध्ये काहीच न बोलता शेजारच्या मेमरीतला कचरा उचलला जाऊ शकतो, आणि ते जास्त वाईट.

ऋण संख्या: माझी एक संध्याकाळ यात गेली

एका ऑनलाइन स्पर्धेत हाच प्रश्न होता, जरा वेगळ्या गोष्टीत गुंडाळलेला. पाच मिनिटांत कोड झाला, नमुने पास झाले, सादर केला, ‘चुकीचं उत्तर’. तासभर मी लूप तपासत बसलो. शेवटी मर्यादांची ओळ परत वाचली तेव्हा दिसलं की संख्या ऋणही असू शकतात. मर्यादा आधी वाचायची सवय मला तेव्हापासून लागली.

घोळ असा असतो. −३ ला ५ ने भागल्यावर बाकी किती? आपल्या हिशेबात २ यायला हवी, कारण −३ हा −५ च्या दोन पुढे आहे. पायथन आणि रुबी २ च देतात. पण सी, सी++, जावा, जावास्क्रिप्ट, गो, रस्ट या भाषा −३ देतात. भागाकार शून्याच्या दिशेने तोडायचा आणि बाकीला भाज्याचं चिन्ह द्यायचं, असा त्यांचा नियम. सी मध्ये तर १९९९ च्या मानकाआधी हे कंपायलरच्या मर्जीवर होतं. दोन्ही नियम आपापल्या जागी सुसंगत आहेत, पण आपल्या खणांना ० ते के − १ एवढीच नावं आहेत आणि −३ नावाचा खणच नाही.

ॲरेत −३ आणि ८ असतील तर बेरीज ५, म्हणजे जोडी जुळते. पण सी++ मध्ये खणांच्या यादीऐवजी हॅश मॅप, म्हणजे कुठल्याही किल्लीखाली आकडा साठवणारी नोंदवही, वापरला असेल तर −३ ची नोंद ‘−३’ या किल्लीखाली होते. नंतर ८ येतो, बाकी ३, तो ‘२’ या किल्लीखाली शोधतो, तिथे शून्य सापडतं. ना एरर, ना क्रॅश, फक्त एक जोडी हरवते. माझं तेच झालं होतं.

उपाय त्या कसरतीत आहे: बाकी काढा, के मिळवा, पुन्हा बाकी काढा. −३ + ५ = २, झालं. धन संख्येला याने काही इजा होत नाही, २ + ५ = ७ आणि ७ ची बाकी परत २. जावात याच कामासाठी मॅथ वर्गातलं फ्लोअरमॉड आहे आणि रस्टमध्ये रेम युक्लिड, पण कसरतीचं सूत्र सगळीकडे चालतं, म्हणून मी तेच लिहितो. पायथनमध्ये त्याची गरज नाही, लिहिलं तरी बिघडत नाही.

(जावास्क्रिप्टवाल्यांसाठी एक मजा: तिथे −१० % ५ चं उत्तर −० येतं, उणे शून्य! मॅप मात्र ० आणि −० ला एकच किल्ली मानतो, त्यामुळे इथे निभावून जातं.)

उत्तर मावतंय का ते बघा

बत्तीस बिटांच्या पूर्ण संख्येत जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. ॲरेत सगळी शून्यंच असतील तर प्रत्येक जोडी जुळते. ६५,५३६ शून्यांपर्यंत उत्तर बसतं, २,१४,७४,५०,८८०. एक शून्य वाढलं की उत्तर २,१४,७५,१६,४१६ होतं आणि मर्यादा ओलांडतं. जावात तुम्हाला एक भलीमोठी ऋण संख्या छापलेली दिसेल. जोड्या उणे कशा झाल्या म्हणून डोकं खाजवण्यापेक्षा ‘एकूण’ साठी सुरुवातीपासून चौसष्ट बिटांचा प्रकार घ्या. पायथनमध्ये ही काळजी नाही, तिथे पूर्ण संख्या हव्या तेवढ्या वाढतात.

के फार मोठा असेल तर

के एक हजार असेल तर हजार खणांची यादी करणं योग्यच. पण के शंभर कोटी असेल तर चार-चार बाइटच्या खणांना चारशे कोटी बाइट लागतील, आणि ॲरेत संख्या असतील लाखभर. म्हणजे बहुतेक खण रिकामेच. अशा वेळी यादीऐवजी डिक्शनरी किंवा हॅश मॅप वापरायचा. वेगवेगळ्या बाक्या ॲरेच्या लांबीहून जास्त असूच शकत नाहीत, म्हणून नोंदीही तेवढ्याच राहतात.

इथे एक बारकावा आहे. पायथनच्या साध्या डिक्शनरीत नसलेली किल्ली कंसात मागितली तर एरर येतो, म्हणून ‘गेट’ वापरून नसल्यास ० घ्यायचं, किंवा काउंटर वापरायचा. सी++ मध्ये उलट: चौकटी कंसाने नुसतं विचारलं तरी मॅप ती किल्ली शून्यासह तयार करून ठेवतो. उत्तर चुकत नाही, पण मॅप विनाकारण फुगतो. ‘फाइंड’ ने विचारलं तर हे टळतं.

जोडीऐवजी सलग तुकडा मागितला तर

मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हा वाटतो. प्रश्न बदलतो: ॲरेचे असे किती सलग तुकडे आहेत, ज्यांच्या बेरजेला के ने भाग जातो? म्हणजे सबॲरे. वरवर याचा जोड्यांशी संबंध दिसत नाही.

पण चालती बेरीज ठेवून बघा. सुरुवातीपासून प्रत्येक जागेपर्यंतची बेरीज, जिला प्रीफिक्स सम म्हणतात. कुठल्याही सलग तुकड्याची बेरीज म्हणजे तुकडा संपतो तिथली चालती बेरीज वजा तुकडा सुरू होण्याआधीची चालती बेरीज. या वजाबाकीला के ने भाग जायचा असेल तर दोन्ही चालत्या बेरजांची बाकी सारखी हवी. झालं, तुकड्यांचा प्रश्न परत जोड्यांवर आला, आणि या वेळी जोडीदार के − ब बाकीचा नसून त्याच ब बाकीचा.

नवा ॲरे घेऊ: ३, १, ६, −२, २ आणि के = ५. चालत्या बेरजा ३, ४, १०, ८, १०. बाक्या ३, ४, ०, ३, ०. आणि यांच्याआधी एक ० धरायचा, काहीच न घेतल्याची बेरीज. सगळ्या मिळून बाक्या: ०, ३, ४, ०, ३, ०. शून्य तीनदा आलं, म्हणून ३ जोड्या. तीन दोनदा आला, म्हणून १. उत्तर ४. ते तुकडे म्हणजे ‘३, १, ६’, ‘१, ६, −२’, ‘−२, २’ आणि अख्खा ॲरे.

मोजणी = के खणांची यादी, प्रत्येकात ०
मोजणी[०] = १
एकूण = ०, बेरीज = ०
ॲरेतल्या प्रत्येक संख्येसाठी:
    बेरीज = (((बेरीज + संख्या) % के) + के) % के
    एकूण = एकूण + मोजणी[बेरीज]
    मोजणी[बेरीज] = मोजणी[बेरीज] + १
एकूण छापा

सगळे विसरतात ती ओळ दुसरी. सुरुवातीचा तो १ ठेवला नाही तर ॲरेच्या पहिल्या घरापासून सुरू होणारे तुकडे हिशेबातून सुटतात. वरच्या उदाहरणात ‘३, १, ६’ आणि अख्खा ॲरे हे दोन्ही गळतील आणि उत्तर २ येईल.

याच विचारातून एक छान गोष्ट फुकटात मिळते. कुठल्याही एन संख्या घ्या, त्यांच्यात एन ने भाग जाणारा निदान एक सलग तुकडा असतोच. सुरुवातीचं शून्य धरून चालत्या बेरजा एन + १ होतात, बाक्या मात्र एनच शक्य आहेत, म्हणजे कुठल्या तरी दोन बेरजांची बाकी सारखी निघणारच. असा तुकडा आहे की नाही एवढंच विचारलं असेल आणि के ॲरेच्या लांबीएवढा किंवा लहान असेल, तर लूप न चालवताही ‘हो’ म्हणता येतं.

भावंडं

फरकाला के ने भाग जाणाऱ्या जोड्या मागितल्या तर ‘हवी’ च्या जागी ‘ब’ च वापरा, काम झालं. सगळ्या ॲरेच्या जोड्या लावून प्रत्येक बेरजेला भाग जाईल असं करता येईल का, असं विचारलं तर मोजणीवरूनच कळतं. शून्याच्या खणात सम संख्या हवी, बाकी ब च्या खणात जितक्या तितक्याच के − ब च्या खणात हव्यात, आणि के सम असेल तर मधल्या खणातही सम. आणि एकही जोडी जुळणार नाही असा जास्तीत जास्त मोठा गट मागितला तर प्रत्येक आमनेसामनेच्या खणांतला मोठा खण उचलायचा, शून्याच्या खणातून फार तर एक आणि सम के च्या मधल्या खणातून फार तर एक. आपल्या पहिल्या ॲरेत तो गट चार संख्यांचा निघतो. पडताळून बघा.

आता तो बाळबोध कोड बाहेर काढा

सादर करण्याआधी दोन्ही कोड समोरासमोर चालवा. यादृच्छिक ॲरे बनवणारा छोटा लूप लिहा: लांबी १ ते ८, संख्या −१० ते १०, के १ ते ७. मोठे ॲरे घेण्याचा मोह टाळा, कारण चूक सापडली तरी ती हाताने तपासता आली पाहिजे. के मध्ये १ नक्की ठेवा, तेव्हा प्रत्येक बाकी शून्य असते आणि क्रमाची चूक लगेच उघडी पडते. सम के ठेवा, म्हणजे मधला खण तपासला जातो. ऋण संख्या तर ठेवाच. अशा हजार फेऱ्या डोळ्याचं पातं लवेपर्यंत होतात. मर्यादेबाहेर जाणारं उत्तर या लहान ॲरेंत कधीच सापडणार नाही, त्यासाठी एक लाख शून्यांचा ॲरे वेगळा चालवून बघा. त्याचं उत्तर तुम्हाला वर मिळालेलं आहेच, ४,९९,९९,५०,०००.

उत्तरं जिथे वेगळी आली तो ॲरे छापून लूप थांबवा. मग कागद घ्या आणि वर ७, १३, ५ साठी केलं तसं एकेक ओळ लिहीत जा: कोण आला, बाकी किती, हवी किती, खणात कोण होतं. ॲरे चार-पाच संख्यांचा असेल तर चुकलेली ओळ तिसऱ्या-चौथ्या ठिकाणीच हाती लागते.